अख्ख्या जिल्ह्याची धडकन, घाटापर्यंत

गावच्या एफएमवर दर दहा मिनिटांनी गर्जना होते, ‘अख्ख्या जिल्ह्याची धडकन!’ हा जिल्हा एसटी स्टँडला सुरू होतो आणि पहिल्या घाटाला संपतो. एफएमच्या लहरी बहुतेक सरळ रेषेत जातात आणि सह्याद्रीला बाजूला सरकायची सवय नाही. त्यामुळे वळणावर सराफाची जाहिरात ‘मजुरीवर पन्नास टक्के...’ इथवर येते, पुढे नुसती खरखर. सूट की वाढ, हे पलीकडच्या गावाला कळतच नाही. (जाहिरातीचा दर मात्र अख्ख्या जिल्ह्याचा.)

कम्युनिटी रेडिओचं राज्य त्याहून लहान. 100 वॅटची मर्यादा, म्हणजे पाच-दहा किलोमीटर. पण तो निदान शेळ्यांच्या लसीकरणाचं तरी बोलतो.

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई. आकाशवाणीच्या लावता येतात, त्याही जशाच्या तशा. म्हणून नगरपालिकेत खुर्च्यांची फेकाफेक चालू असली तरी निवेदिका विचारते, ‘सो फ्रेंड्स, आज मूड कसाय?’ वाहतुकीची माहिती द्यायला मात्र मुभा आहे. पण कोंडी होते घाटात, आणि घाटात स्टेशन लागत नाही.