गंजपंत

सरकारी फाईल पुढे सरकली नाही म्हणून देवापुढे साखर ठेवणारा नागरिक पाहायचा असेल, तर गंजपंतांना भेटावं. किनाऱ्याला लागून कुजत पडलेल्या जहाजांचे फोटो काढण्याच्या नादात त्यांचं खरं नाव लोक विसरून गेले आहेत. चालत्या जहाजात त्यांना रस नाही. मांडव्याच्या बोटीत ते पेपर वाचत बसतात. मालकाने टाकलं, खलाशांनी सोडलं, विमा कंपनीने कानावर हात ठेवले, की मग जहाज त्यांच्या लेखी वयात येतं. अलंगच्या जहाजतोडणीचं नाव काढलं, तर भरल्या ताटावरून उठतात.

गोव्यातलं रिव्हर प्रिन्सेस ही त्यांची काशी. 2000 सालच्या जूनमध्ये ते कांदोळीच्या वाळूत रुतलं. मग निविदा निघाल्या, फसल्या, पुन्हा निघाल्या. जहाज तपभर तिथेच. किनारा खचतो म्हणून गावकरी ओरडत होते आणि पंत दर हिवाळ्यात जाऊन ‘यंदा डाव्या कुशीला काय सुरेख तांबूस रंग चढलाय!’ म्हणत होते. जुहूवर मात्र त्यांचा राग आहे. 2011 साली खलाशांनी ओमानजवळ सोडलेला पवित नावाचा टँकर एकटाच तरंगत आला आणि जुलैअखेर थेट जुहूच्या वाळूवर चढला. जेमतेम पंधरवडा गेला नाही तोच तो ओढून नेलासुद्धा. “नीट गंज तरी धरू द्यायचा!” पंत आजही हळहळतात. “एरवी रस्त्यातला खड्डा दोन पावसाळे बुजवत नाहीत, आणि इथे काय ती घाई!”

घरात त्यांच्या सासूबाईंचा मात्र जावई अत्यंत धार्मिक असल्याचा ठाम समज आहे. कारण पंत सकाळी उठून आधी तिथी पाहतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोळ्यांचं गणित त्यांना पाठ आहे. पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी साडेपाचच्या आसपास. पाणी पार आत गेलेलं आणि उन्हं तिरपी. गंजाला हाच उजेड मानवतो. त्यामुळे दर पौर्णिमेला पंत घरातून गायब. सासूबाई शेजारी सांगतात, “नरसोबाच्या वाडीला जातात हो, नेमाने!” पत्नीला खरं माहीत आहे, पण तिची लढाई वेगळी आहे. बाल्कनीच्या ग्रिलला रंग द्यायला माणूस आला, की पंत आडवे होतात. “अगं, आत्ता कुठे पोपडे सुटायला लागलेत!”

2020 च्या निसर्ग वादळात रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर बसरा स्टार येऊन टेकलं आणि पंतांना घराजवळ देव पावला. पण तिथे भाविकांची गर्दी फार असायची. एकदा पंत पोटावर पडून बुडाच्या भगदाडाचा कोन साधत होते, तोच मागून हाक आली, “काका, जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय.” पाहतात तर लग्नाआधीच्या फोटोंसाठी आलेलं जोडपं. वधूचा घेर वाळूत, वराचा हात गंजक्या पत्र्यावर. “नव्या संसाराच्या मागे हे फुटकं जहाज कशाला?” असं विचारण्याचा मोह पंतांनी आवरला, कारण मुलीने उलट विचारलं असतं, की काका, तुमच्या संसाराच्या पुढे का?

मध्यंतरी पंतांनी एका किनाऱ्यावरच्या टाकलेल्या जहाजाबद्दल माहितीच्या अधिकारात अर्ज केला. जहाज हटवण्याचं काम कुठवर आलं, एवढंच विचारलं होतं. साहेबांना वाटलं, तक्रारदार आला. त्यांनी पंतांना बोलावून खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, “काळजी करू नका, महिन्याभरात उचलून टाकतो.”

पंतांचा चहा तसाच राहिला. ते हात जोडून म्हणाले, “साहेब, असं करू नका. अर्ज मागे घेतो.”

साहेबांच्या सबंध नोकरीत कामाची घाई नसलेला हा पहिलाच अर्जदार. त्यांनी पंतांना जिन्यापर्यंत स्वतः पोचवलं.