कमी करण्याचे कष्ट

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या दुखण्याला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते. महाराष्ट्रात मात्र ही मुदत भरण्याच्या कितीतरी आधी, म्हणजे कंबर धरल्याची वार्ता शेजारी पोहोचताच, उपचारांना प्रारंभ होतो. बाम, शेकाची पिशवी, कंबरपट्टा आणि 'आमच्या मेहुण्यांनाही अगदी हेच झाले होते' हे वाक्य, असा त्यांचा सर्वसाधारण क्रम असून, उसण भरली असल्यास पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, व्यक्तीकडून पाठीवर लाथ मारून घेण्याचा उपायही लोकपरंपरेत मान्यता पावलेला आहे. या सर्वांमागील सूत्र एकच: दुसऱ्या कोणीतरी काहीतरी करावे, आणि ते जोरात करावे.

मोशे फेल्डनक्राइस (1904–1984) यांची पद्धत नेमकी या सूत्राच्या उलट जाते, आणि म्हणूनच प्रथमदर्शनी संशयास्पद वाटते. आजच्या युक्रेनमध्ये जन्मलेले हे अभियंते पॅरिसमध्ये शास्त्रज्ञ जोलिओ-क्युरी यांच्यासमवेत संशोधन केलेले आणि ज्युदोत ब्लॅक बेल्ट मिळवलेले होते. फुटबॉलमध्ये दुखावलेला गुडघा पुढे युद्धकाळात ब्रिटनमध्ये पुन्हा बिघडला, तेव्हा शस्त्रक्रियेऐवजी, मुळात आपण चालतो कसे, हे तपासण्यास त्यांनी आरंभ केला. दुखऱ्या भागाभोवती स्नायू आवळून धरण्याची सवय मज्जासंस्थेला जडते, मूळ इजा भरून आल्यावरही ती सुटत नाही, आणि ती दटावून नव्हे तर सावकाश, लक्षपूर्वक केलेल्या लहान हालचालींतून सुटू शकते, अशी त्यांची भूमिका होती.

लहानच हालचाली का, याचे उत्तर वेबर–फेश्नर नियमात आहे: मूळ जोर जितका अधिक, तितका त्यातील बारीक फरक कमी जाणवतो. पाठीवर पोते असलेल्या हमालाला त्यावर ठेवलेली कोथिंबिरीची जुडी कळत नाही, रिकाम्या हाताला ती कळते. हा नियम मानसशास्त्राला मानवला तरी, घाम येईपर्यंत व्यायाम न मानणाऱ्या आणि शाळेच्या पी.टी.त 'एक, दोन' मोजत घडलेल्या मराठी गृहस्थाला तो मानवत नाही.

या पद्धतीतील एका प्रसिद्ध पाठात सतरंजीवर उताणे पडून गुडघे उभे ठेवायचे, कटिभागाखाली घड्याळाची तबकडी कल्पायची, बेंबीकडे बारा, माकडहाडाकडे सहा, आणि कंबरेचा भार हलकेच एका आकड्यावरून दुसऱ्यावर न्यायचा असतो. शिक्षक प्रात्यक्षिक दाखवत नाही, कारण अनुकरणाने लक्ष स्वतःच्या शरीरावरून उडते. परिणामी सर्वजण तिरक्या नजरेने शेजाऱ्याची कंबर पाहतात. तीनच्या आसपास, ज्यांचा या व्यवहाराशी काहीही संबंध नाही अशा भुवया वर चढतात, जबडा आवळतो आणि श्वास थांबतो. 'याच्या निम्मेच करा' अशी सूचना येताच गृहस्थ निम्मी हालचाल दुप्पट जोराने करतो. त्यानंतर तीच हालचाल केवळ मनात करण्यास सांगितले जाते, आणि कोपऱ्यातून घोरणे ऐकू येते. ही साधनेतील प्रगती की साधी डुलकी, याचा निर्णय अवघड असतो, कारण वारंवार विश्रांती घेणे हा या पद्धतीचा अधिकृत भाग आहे.

फेल्डनक्राइस यांचे सर्वांत ख्यातनाम शिष्य म्हणजे पाठदुखीने त्रस्त असलेले इस्रायलचे पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन. सत्तरी गाठलेले हे पंतप्रधान हर्झलियाच्या समुद्रकिनाऱ्यावर पोहण्याच्या चड्डीत शीर्षासन करत असल्याचे 1957 चे छायाचित्र जगभर गाजले. या छायाचित्राने पद्धतीची कीर्ती जितकी वाढवली, तितकाच गैरसमजही. कारण जमिनीवर पडून माकडहाड सहावर नेणाऱ्या पंतप्रधानाचे छायाचित्र घेण्यात कोणत्याच वृत्तपत्राला रस नव्हता.

पुराव्यांची स्थिती मध्यम आहे: चाचण्या बहुधा लहान, निष्कर्ष आशादायक पण सावध. पाय बधिर होणे, ताप किंवा लघवीवरचा ताबा जाणे, यांपैकी काहीही असल्यास सतरंजी गुंडाळून आधी डॉक्टरांकडेच जावे. ज्यांना गुण येतो त्यांनाही तो वाजतगाजत येत नाही. खाली पडलेला चष्मा न कण्हता उचलला गेल्याचे प्रथम पत्नीच्या ध्यानात येते. त्या वर्गात नेमके करता काय, असे तिने विचारल्यावर गृहस्थ सत्यास स्मरून 'उताणा पडून सहावरून बारावर जातो' असे सांगतो, आणि तिची चिंता कंबरेवरून त्याच्या डोक्याकडे वळते.