ढील दे, कांडी!

येवल्याकडून मनमाडला निघालेल्या माणसाला स्टेशन जवळ आलं हे कळायला घड्याळ लागत नाही. खिडकीबाहेर आधी अनकाई-टनकाई किल्ल्यांची जोडी येते, मग डोंगराच्या सोंडेवर उभा राहिलेला एक दगडी अंगठा दिसतो, आणि डब्यातली माणसं सीटखालच्या पिशव्या ओढायला लागतात. हा अंगठा म्हणजे हडबीची शेंडी. बाहेरगावची ट्रेकर मंडळी तिला 'थम्सअप' म्हणतात. आम्ही येवलेकर तिच्याकडे बघून एवढंच म्हणतो, "चला, चपला घाला."

अनकाईवर लोक जातात. तिथे अगस्ती ऋषींचं ठाणं आहे, पायथ्याच्या अंगाला जैन लेणी आहेत, वर तळं आहे. शेंडीवर मात्र देव नाही, तळं नाही, पायऱ्या नाहीत. शे-सव्वाशे फुटांचा उभा कातळ आहे आणि दोर असल्याशिवाय तिथे काम नाही. त्यामुळे रोज हजारो लोक तिला बघतात आणि वर्षभरात वर जाणारे मोजकेच असतात. त्या मोजक्यांत साठी उलटलेल्या येवलेकरांनी घुसावं असं काही कारण नव्हतं. कारण संक्रांतीनं पुरवलं.

येवल्याची संक्रांत ज्यानं पाहिली नाही त्याला हे पटणार नाही. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं. हातात दोऱ्याची आसारी, कानात हलकडीचा कडकडाट, आणि पतंग कापला की 'वकाट!' अशी आरोळी. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माणूस अशा अवस्थेला पोचतो की त्याला काहीही विचारावं, तो हो म्हणतो. मास्तरच्या पुतण्याचे नाशिकचे मित्र पतंग उडवायला आले होते. ती मुलं कातळावर चढणारी. निघताना त्यांनी रीत म्हणून विचारलं, "काका, पुढच्या आठवड्यात शेंडीला चाललोय. येताय का?"

"येतो की," असं शेठ म्हणाला, आणि आसारी गुंडाळायला लागला.

शेठ कांद्याचा व्यापारी. आयुष्यभर लिलावात ओरडल्यामुळे त्याला हळू बोलता येत नाही. त्याचं गुपितसुद्धा अंदरसूलपर्यंत ऐकू जातं. मास्तर इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झाला, म्हणजे शाळेतून झाला. कंडक्टर एसटीतून उतरला, पण डबल बेल दिल्याशिवाय अजूनही कुठून निघत नाही. आणि कांडी. कांडी पैठणी विणतो. अंगकाठीवरून शाळेत पडलेलं नाव, ते आता त्याचे जावईसुद्धा वापरतात. खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचं आणि बोलायचं नाही, या दोन गोष्टी त्यानं जन्मभर केल्या. पाचवा मी. माझं काम कोणालाच नक्की माहीत नाही, म्हणून पिशव्या माझ्याकडे.

पिशव्यांत बाजरीच्या भाकरी, ठेचा, गुळपोळ्या, भेळभत्त्याचा पुडा आणि औषधं. औषधांची पिशवी खाण्याच्या पिशवीपेक्षा जड होती. घरच्यांना आम्ही "अनकाईला जाऊन येतो" एवढंच सांगितलं. हे खोटं नव्हतं. रस्ता अनकाईच्या बारीतूनच जातो.

डांबरी सोडून वाडीच्या वाटेला लागलो. गाडी उभी केली तिथे एक आजी शेळ्या घेऊन बसल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे बघितलं, मुलांच्या खांद्यावरच्या दोरांच्या वेटोळ्यांकडे बघितलं, आणि विचारलं, "काय पडलं का हिरीत?"

"नाही आजी, शेंडीवर चाललोय."

"काय राहिलंय तिथं?"

या प्रश्नाचं उत्तर मुलांकडेही नव्हतं. मास्तरनं मात्र "ऐतिहासिकदृष्ट्या पाहिलं तर" अशी सुरुवात केली, तेव्हा कंडक्टरनं आम्हाला मोजलं, "पाच आणि पोरं, चला," म्हणाला आणि तोंडानंच डबल दिली.

शेंडीच्या बुडापर्यंतचा चढ कुणी मोजत नाही, कारण फोटोत तो येत नाही. आमचा सगळा जीव तिथेच गेला. कोरडं गवत, त्याखाली मुरूम, त्याखाली सुटा दगड. ट्रेकर याला घसारा म्हणतात. दोन पावलं वर टाकली की दीड पाऊल खाली येतं. उरलेल्या अर्ध्या पावलावर माणसानं समाधान मानायचं. शेठचे बूट नवे कोरे होते आणि ते तो प्रत्येक दगडाला दाखवत होता. मास्तरनं काठी आणली होती. पुढे ती काठी आणि मास्तर यांतलं कोण कोणाला आधार देतंय हे सांगता येईना.

मग लक्षात आलं की मास्तरचा इतिहास चढावर अवलंबून आहे. सपाटीवर तो नुसतं साल सांगे. चढ उभा झाला की थांबून, काठी रोवून, अनकाईकडे हात करून तपशिलात शिरे. पहिल्या चढाला थेवनो नावाचा फ्रेंच प्रवासी सतराव्या शतकात सुरतेहून औरंगाबादेला जाताना याच बाजूनं गेला. दुसऱ्या चढाला 1635 आलं: शाहजहानचा सरदार खानखानान यानं किल्लेदाराला पैसे चारून अनकाई घेतली. तिसऱ्या चढाला, म्हणजे जिथे माझे गुडघे माझ्याशी बोलायला लागले तिथे, 1818 चा एप्रिल आला. कर्नल मॅकडॉवेल फौज घेऊन आला आणि किल्ला गोळी न झाडता त्याच्या हवाली झाला.

"म्हणजे एकदा पैसे घेऊन दिला आणि एकदा फुकट," शेठ म्हणाला. त्याला व्यवहारातली घसरण लगेच दिसली.

कंडक्टर दगडावर टेकला होता. तो म्हणाला, "मग आपण इथूनच परत फिरलो तर परंपरेला धरूनच होईल. या मुलखात न लढता खाली उतरायची रीतच आहे."

"असं कसं? तात्या टोपे येवल्याचा!" मास्तर उसळला.

"येवल्याचा, पण लढला कुठं? कानपूरला, काल्पीला, ग्वाल्हेरला. म्हणजे येवला सोडल्यावर."

यावर मास्तरला उत्तर सापडेना, त्यामुळे त्याला चालावं लागलं. त्या दहा मिनिटांत आम्ही सगळ्यात जास्त अंतर कापलं.

बुडाशी पोचल्यावर पहिला धक्का बसला तो हा, की अंगठा कुठेच नव्हता. मनमाडच्या फलाटावरून दिसतो तो नीट वळलेला, वर टोकाला किंचित मागे झुकलेला अंगठा जवळ गेल्यावर एक काळी, भेगाळलेली भिंत होते. तिला आकारच नसतो. कांडी मान वर करून तिच्याभोवती जाता येईल तेवढा फिरून आला आणि त्या दिवशी पहिल्यांदा बोलला. "पैठणी दोन्ही अंगांनी सारखी असती. हिचं तसं नाही. हिची उलटी बाजूच आपल्याकडं आहे."

चढण्याआधी मुलांनी आम्हाला एका ओळीत बसवलं आणि आवाज बदलून बोलली. जानेवारी 2022 मध्ये याच शेंडीवर नगरचे दोन गिर्यारोहक जिवानिशी गेले. आपल्याकडचा कातळ वरून कितीही दणकट दिसला तरी त्यात सुटे दगड असतात. हेल्मेट कोणी काढायचं नाही, आणि सुळक्याच्या थेट खाली कोणी बसायचं नाही. शेठसुद्धा हळू आवाजात "बरं" म्हणाला. त्याचा हळू आवाज मी तेव्हाच ऐकला.

मग हार्नेस. कंबर आणि मांड्यांभोवती आवळायचा पट्टा. शेठच्या बाबतीत तो पोटाच्या वर बांधायचा की खाली, यावर बराच खल झाला. वर बांधला तर श्वास जाई, खाली बांधला तर पट्टा जाई. शेवटी पट्टा काढून त्याची घडी घालून शेठच्या मांडीवर ठेवण्यात आली आणि त्याला सामानाची राखण दिली. कंडक्टर म्हणाला, गाडी सोडायला कोणीतरी खाली लागतंच. मास्तरचं बीपीच त्याच्या वतीनं बोललं.

मी गेलो. पहिल्या बोल्टपर्यंत. तिथे मी इतका वेळ थांबलो की खालून पोरानं विचारलं, "काका, फोटो काढायचाय का?" मी हो म्हणालो. फोटो उत्तम आला आहे. त्यात खालची जमीन दिसत नाही.

राहिला कांडी. मुलांनी त्याच्या कमरेला दोर बांधला, आठच्या आकड्याची गाठ मारली. कांडीनं ती गाठ दोन बोटांत धरली, मागावर तुटलेला तार बघावा तशी उजेडाकडे वळवली, एकेक फेरा चाचपला आणि म्हणाला, "शेपूट किती ठेवलं?"

"वीतभर, काका."

"मग ठीक. आखूड शेपटाची गाठ ताण आला की सरकती." जन्मभर केसाएवढे रेशमाचे तार सांधलेल्या माणसानं बोटाएवढ्या दोराला पास केलं. त्यानंतर ती मुलं कांडीशी आमच्यापेक्षा वेगळ्या अदबीनं बोलायला लागली. आम्हाला ते थोडं लागलं.

एक मुलगा आधीच दोर लावत वर पोचला होता आणि तिथून कांडीचा दोर सांभाळत होता. कांडी निघाला. घाई नाही, धाप नाही. एक हात, मग एक पाय, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा पाय. साडीच्या एका पदराला महिनोन्‌महिने देणाऱ्याला शंभर फुटांची काय घाई? पण मध्यावर त्याला दोर आडवा येऊ लागला. गिर्यारोहणात अशा वेळी काय ओरडायचं ते मुलांनी शिकवलं होतं, ते इंग्रजी शब्द कांडी विसरला आणि जे तोंडात होतं ते ओरडला: "ढील दे!"

इथपर्यंत ठीक होतं. वरच्या पोरानं संक्रांत येवल्यात काढलेली, त्याला कळलं, त्यानं दोर सैल सोडला. पण 'ढील दे' ऐकून गप्प बसेल तो येवलेकर कसला? खाली आम्ही चौघं उठून उभे राहिलो.

"ढील नको, खेच! खेच!" शेठ लिलावाच्या आवाजात.

"डावीकडं वळव!" मास्तर.

"अरे ठुमकी मार, ठुमकी!" हे बहुधा मीच.

वरचं पोर गोंधळलं. ढील दिली की खालून 'खेच', खेचलं की मधून 'ढील'. कांडी दोन बोटांवर लोंबत शांतपणे वाट बघत होता. अखेर पोर ओरडलं, "काका, एकच माणूस बोलेल!" त्यावर कंडक्टरनं शिट्टी काढून ती इतक्या जोरात फुंकली की खाली शेळ्यांनी माना वर केल्या. शांतता झाली आणि कांडी पुढे निघाला.

त्याचं हेल्मेट माथ्यावर दिसलं तेव्हा शेठला राहवलं नाही. दोन्ही हात वर करून तो गरजला, "वकाट!"

पोर संक्रांतीत एवढं नक्की शिकलं होतं की वकाट म्हणजे दोरा तुटला. त्यानं डोळे मिटले, पाय रोवले आणि होता नव्हता तेवढा दोर आवळला. वर सुखरूप पोचलेला कांडी तिथल्या तिथे पोटावर आडवा झाला. "अरे पोचलो ना! आता तरी ढील दे रे!"

पाच मिनिटांनी वरून घंटी वाजल्यासारखं ऐकू आलं. कांडीचा फोन. येवल्यात ज्या फोनसाठी गच्चीत जाऊन उभं राहावं लागतं, त्याला शेंडीवर भरभरून रेंज होती. ठाण्याच्या एक बाई होत्या, मुलीच्या लग्नाची पैठणी विणायला घालायची होती. आम्ही खालून एकच बाजू ऐकत होतो.

"नमस्कार ताई... नाही नाही, बोला... मुनिया काठ नको? मग नारळी घ्या... हा आवाज मागाचा नाही, वाऱ्याचा आहे... मी जरा वर आहे... नाही, माडीवर नाही... त्याच्याही वर."

"दिसतं काय ते तरी सांग!" मास्तर ओरडला.

कांडीनं फोनवर हात ठेवला. "अनकाई, टनकाई, पलीकडं मेसणा. मनमाडच्या यार्डात मालगाडी. पानेवाडीच्या तेलाच्या टाक्या."

"येवला दिसतो का?"

"ताई, एक मिनिट हं," असं म्हणून कांडीनं वळून दक्षिणेला पाहिलं. "धूळ दिसती." आणि पुन्हा फोनवर, "पदरावर मोर घेऊ, आठ. ॲडव्हान्स आधी लागेल."

आपण कुठून बोलत होतो ते त्या बाईंना कळावं म्हणून परतीच्या वाटेवर कांडीनं त्यांना मुलांकडचा शेंडीचा एक जुना फोटो पाठवला, तोही मनमाडकडून काढलेला, कारण शेंडी तिथूनच काय ती बरी दिसते. उत्तर लगेच आलं: किती छान, हेच मोरांच्या जागी पदरावर काढता येईल का? कांडी वाटेतच थांबला. "लग्नात नवरीच्या खांद्यावरून अंगठा दाखवायचा?"

"विहिणीकडच्या अंगाला येऊ दे," शेठनं तोडगा काढला.

कांडीनं तो ऐकला नाही. मोरच ठरले. शेठनं जागेवरच दलाली मागितली, कारण चढायला हो तो म्हणाला होता. कांडीनं त्याला भेळभत्त्याचा उरलेला पुडा दिला.

गाडीपाशी आल्यावर कंडक्टरनं मोजायला घेतलं. एक कमी. पुन्हा मोजलं. मास्तर नव्हता. घसाऱ्यावर कुठे राहिला की काय म्हणून पोरं दोर घेऊन परत धावणार, तेवढ्यात बाभळीच्या पलीकडून त्याचा आवाज आला. आजींच्या शेजारी दगडावर बसून मास्तर किल्ल्याकडे काठी दाखवत होता. खानखानानपाशी आला होता, म्हणजे मॅकडॉवेल यायला अजून एकशे त्र्याऐंशी वर्षं बाकी होती. आम्ही हाका मारल्या, कंडक्टरनं डबल दिली, पण मास्तर उठेना, कारण आजी त्याला विचारत होत्या, किल्लेदाराला नेमके किती दिले?