केपीटीएल मामा

मोबाइलवर गेम खेळताना मामांचा उजवा पाय हलतो. चढ आला की तो फरशीवर दाबला जातो, उतार लागला की अलगद उचलला जातो, आणि समोर खोकी आडवी आली की डावा पायही क्लचच्या जागी जाऊन बसतो. गेममध्ये क्लच नाही. वळणही नाही. गाडी पडद्याच्या डाव्या अंगाने निघते आणि उजवीकडे जात राहते, एवढंच. तरी मामा मधूनच खांदा कलवतात. ज्याने सगळी हयात नांदेड-लातूर रस्त्यावर एसटी चालवली, त्याचा रस्ता सरळ असण्यावर चटकन विश्वास बसत नाही.

मामा म्हणजे आमच्या शेजारच्या खोलीतल्या पोराचे आजोबा. पोरगा त्यांना आबा म्हणतो, बाकी सगळी गल्ली मामा. मराठवाड्यात खाकी घालून स्टेअरिंगवर बसलेला माणूस मामाच असतो, आणि रिटायर झाल्यावर खाकी उतरली तरी हे नातं उतरत नाही. नातू नांदेडहून लातूरला नीटच्या तयारीला आला, तशी मामांची नेमणूक त्याच्याबरोबर झाली. उद्योग भवनाच्या मागच्या गल्ल्यांत असे पुष्कळ आजी-आजोबा सापडतात. पोरगा क्लासला, आजी कुकरपाशी, आजोबा दारात. लातूर पॅटर्नवर आजवर भरपूर छापून आलंय. तो ज्यांच्या पहाऱ्यावर चालतो त्या म्हाताऱ्यांबद्दल मात्र कुणी लिहीत नाही.

इथे आजी नव्हती. मामी नांदेडला, सिडकोतल्या घरी. त्यामुळे भाजी आणि शिस्त ही दोन्ही खाती मामांकडेच होती. आल्या दिवशी त्यांनी नातवाचा मोबाइल जप्त केला. "ड्युटीवर मोबाइल चालणार नाही," एवढं एकच वाक्य बोलले आणि फोन तूरडाळीच्या डब्यात पुरला. नातवाशी बोलायला त्याच्या आईने मामांचा बटणांचा फोन वापरावा, असा हुकूमही निघाला.

डाळ संपत आली तसा फोन वर आला. आत 'अर्न टू डाय' होता.

हा गेम टॉफी गेम्सने बनवला आणि ऑस्ट्रेलियातल्या नॉट डॉपलरने तो लोकांपुढे आणला. २०१२च्या सुमाराला तो कॉम्प्युटरवर, ब्राउझरमध्ये खेळत. पुढे मोबाइलवर आला, २०१४ मध्ये त्याचा दुसरा भाग निघाला. गोष्ट सोपी आहे. जग बुडालंय, मेलेली माणसं उठून रस्त्यावर भेलकांडतायत, आणि देशाच्या पार दुसऱ्या टोकाला एक हेलिकॉप्टर तुमची वाट बघतंय. तुमच्याकडे एक खटारा गाडी आणि खिशात थोडे पैसे. निघायचं, इंधन संपेल तिथे दिवस संपतो. जेवढं अंतर कापलं आणि जेवढे मुडदे उडवले त्याचे पैसे मिळतात. त्या पैशांतून गॅरेजमध्ये इंजिन, गिअर, टायर, टाकी सुधारायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून निघायचं.

मामांनी हे सगळं समजून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे गाडी भंगार, डिझेल कमी, रस्ता खराब, अन् वरून कंट्रोलर म्हणायलाय टायमात पोच. ह्यात गेम कुठाय? ही तर माझी ड्युटी हाय."

अडचण एकाच ठिकाणी होती. मामांच्या ट्रंकेत पंचवीस वर्षांच्या विनाअपघात सेवेचा बिल्ला आहे. लग्नातल्या अंगठीपेक्षा तो जास्त जपलेला आहे, असं मामी म्हणतात. अशा माणसासमोर पहिल्याच मिनिटाला रस्त्याच्या मधोमध हात पुढे करून एक झोंबी उभा राहिला. मामांनी हॉर्न शोधला. हॉर्न नाही. रेस सोडली, गाडी कशीबशी त्याच्या पायाशी जाऊन टेकली. 'हात दाखवा, गाडी थांबवा' ही योजना ज्याच्या अंगात मुरलीय त्याने दुसरं काय करायचं? त्या दिवसाची कमाई जवळजवळ शून्य झाली. त्या रात्री मामा जेवले नाहीत म्हणे, पण ते बहुधा वांगं करपल्यामुळे असावं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे सल्ल्याला आले. मी वकील नाही. पण दारावर पाटी आहे आणि खोलीत पुस्तकं आहेत, तेवढं त्यांना पुरलं. जुन्या ड्रायव्हरला कायद्याची दोनच कलमं पाठ असतात, २७९ आणि ३०४-अ. दुसरं निष्काळजीपणाने मृत्यूला कारण होण्याचं. नव्या न्यायसंहितेत त्याचं आता १०६ झालंय. "मला एवढंच सांगा," मामा म्हणाले, "जो आधीच मेलाय, त्याच्या मृत्यूला मी कारण कसा होईन? पंचनामा कशाचा करतील?" मी म्हटलं, मुद्दा बिनतोड आहे. "हौ," म्हणत ते उठले. बिल्ल्याला धोका नव्हता.

तरीही झोंबींना धडक द्यायचं त्यांना आवडत नाहीच. त्याला कारण कायद्याचं नाही, केपीटीएलचं आहे. एसटीत गाडीचा हिशेब लिटरमागे मांडत नाहीत, दहा लिटरमागे मांडतात. दहा लिटर डिझेलमध्ये किती किलोमीटर, हा आकडा म्हणजे केपीटीएल. तो ड्रायव्हरच्या नावापुढे लागतो आणि डेपोत त्यावरून माणसाची पत ठरते. मामा स्वतःची पत पन्नास सांगतात. गेममध्ये प्रत्येक धडकेला गाडी थोडी रेंगाळते, पुन्हा वेग घ्यायला पुन्हा डिझेल जातं. गल्लीतली पोरं मुडदा उडाला की ओरडतात, मामा जीभ चावून म्हणतात, "गेलं पावशेर."

झोंबींना ते 'पाशिंजर' म्हणतात. घोळका दिसला की त्याच्या अलीकडचा उंचवटा हेरायचा, वेग तिथेच घ्यायचा आणि सगळ्यांच्या डोक्यावरून गाडी काढायची, ही त्यांची रीत. "आष्टामोडला अशीच गर्दी असायची. थांबलो की मेलो."

आता गेम खेळणाऱ्या पोरांना हे पटत नाही. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर उदगीर, देगलूर, कंधारकडची सात-आठ पोरं राहतात. रविवारची टेस्ट संपली की ती मामांच्या खोलीत जमतात. पहिल्यांदा आली ती म्हाताऱ्याची मजा बघायला. नंतर सल्ला घ्यायला येऊ लागली, कारण मामा त्यांच्या दोन टप्पे पुढे होते. सगळ्यांची चूक एकच. हातात पैसे आले की पोरं आधी बंदूक घेतात.

"टाकीत डिझेल नाही अन् टपावर बंदूक!" मामा कपाळाला हात लावतात. "वरात काढायलास का?"

मामांचा क्रम वेगळा. आधी इंजिन, पण एकच पायरी. मग टाकी. मग पुन्हा इंजिन. नुसतीच टाकी वाढवली तर चढाच्या पायथ्याशी भरल्या टाकीने उभं राहावं लागतं, आणि नुसतंच इंजिन वाढवलं तर चढ चढून गेल्यावर माथ्यावर राम म्हणावं लागतं. दोघांना बरोबरीने वाढवायचं. चढात चाकं जागच्या जागी फिरायला लागली की टायर. इंजिन ओरडतंय पण गाडी हलत नाही असं झालं की गिअर. समोरचं पातं त्यानंतर, कारण त्याने घोळका चिरून निघतो आणि वेग टिकतो. बंदूक सगळ्यात शेवटी, तीही पैसे उरले तर. "गाडी काय म्हणायली ते ऐकायचं. जे दुखायलंय तिथंच पैसा घालायचा. पेपरातले भाव बघून नाही."

वेग वाढवायचा जो बूस्ट असतो, त्याच्याशी मामांचं जमत नाही. दारू पाजून बैल पळवल्यासारखं आहे ते, असं त्यांचं मत. चढाची शेवटची दोन हात जागा उरली आणि गाडी धापा टाकायला लागली, तेवढ्यापुरता दाबतात आणि लगेच सोडतात. आणि गाडी हवेत असताना कुणी रेस दाबली तर त्यांना ते बघवत नाही. "चाकं अधांतरी अन् तू पाय दाबायलास! कुणाला फिरवायलास, वाऱ्याला?" हवेत रेस सोडायची, गाडीचं नाक उताराला समांतर करायचं, चारही चाकं एकदम टेकवायची. नाक आधी आपटलं तर सगळा वेग तिथेच जिरतो. या एका सवयीवर वरच्या मजल्यावरच्या पोरांचा अर्धा टप्पा पुढे सरकला, हे मी पाहिलंय. त्यातला एक पोरगा वहीत प्रक्षेप्य गतीचं सूत्र काढून कोन सांगायला लागला, तेव्हा मामा म्हणाले, "सूत्र बरोबर असंल. आता गाडी टेकव बरं."

त्यांची खरी कला शेवटच्या थेंबाची. इंधन संपलं तरी गाडी लगेच थांबत नाही, वेगावर जात राहते. म्हणून काटा तळाला येईल तेव्हा आपण माथ्यावर असलं पाहिजे, पायथ्याशी नाही. हे सांगताना मामा आवाज खाली आणतात. बालाघाटाच्या उतारांवर त्यांनी नेमकं काय काय केलं ते ते स्पष्ट सांगत नाहीत. गाडी न्यूट्रल करून सोडायला एसटीत सक्त मनाई आहे. "मी कदी केलं नाही," असं ते आपण न विचारताच सांगतात.

मैलाचे दगड त्यांचे स्वतःचे. लातूर-नांदेड अंतर साधारण १४० किलोमीटर, रस्ता आता ३६१ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, चौपदरी. मामांचा गेम चालतो तो जुन्या एकेरी रस्त्यावर. पहिला मोठा चढ म्हणजे आष्टामोड, खोक्यांची रास म्हणजे चाकूर, तुटका पूल म्हणजे शिरूर ताजबंद. मग अहमदपूर. झोंबींची जिथे सगळ्यात दाट गर्दी होते तिथे माळेगाव, कारण खंडोबाच्या जत्रेला तशीच असते. तिथून गाडी निघाली की मामा एका हाताने कपाळाला भंडारा लावल्यासारखं करतात. त्या क्षणी मोबाइल एका हातात राहतो आणि गाडी नेमकी उलटते. पण देवापुढे केपीटीएल बघत नाहीत. पुढे लोहा, सोनखेड, आणि हेलिकॉप्टर उभं आहे ते नांदेडला.

गेमचं नावच मुळी मरण्यासाठी कमावण्याचं आहे. पोहोचलात नाही तरी कापलेल्या अंतराचे पैसे मिळतातच, आणि पोरांना नेमकं तेच सोसत नाही. दोन दिवस गाडी त्याच जागी बंद पडली की ती फोन आपटतात. टेस्टमध्ये मार्क अडकलेली ही पोरं, त्यांना गेममध्येही अडकायचं नसतं. मामा मात्र शांत. "आज चाकूरला बंद पडली. उद्या शिरूरला पडंल. पडंना. पाशिंजर उतरून धक्का तर मारणार न्हाईत, मुडदे हायत ते."

इतका हिशेबी माणूस एका जागी मात्र घसरतो. जुन्या गाडीवर पैसे घालत बसू नका, पुढची मोठी गाडी घ्यायला साठवा, असं पोरांना ते बजावून सांगतात. स्वतः मात्र पहिल्या खटाऱ्याला शेवटच्या पायरीपर्यंत सजवतात. टायर नवे, पातं नवं, टाकी मोठी, सगळं. पुढची गाडी घेण्याइतके पैसे केव्हाच जमलेले असतात. "मामा, कामून?" पोरांनी विचारलं. "ती आजून चालायलीय ना," एवढंच उत्तर. तिचं भंगार झालेलं त्यांना पडद्यावरसुद्धा बघायचं नव्हतं.

दुसऱ्या भागाने तर त्यांचा जीवच घेतला. त्यात गाडीचा पत्रा निखळतो, तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्याला मामा "आरारा" करत आणि वर्कशॉपमध्ये जाब कोण देणार म्हणून काळजी करत. त्यातच गाड्यांच्या रांगेत आइस्क्रीमची व्हॅन आली. दोन दिवस त्यांनी गेमला हात लावला नाही. "तीस वर्षं एसटी हाणली, आता कुल्फी विकू?" अग्निशमनची गाडी आली तेव्हा कुठे चेहरा खुलला. लाल रंग, सरकारी थाट. उड्डाणपुलावरून जावं की खालच्या बोगद्यातून, असा प्रश्न आला की ते कायम वरचा रस्ता धरतात. खालच्या रस्त्यावर गाडी अडकली तर क्रेन कुठून येणार, हे त्यांचं कारण.

मामींचा रोज संध्याकाळी फोन येतो. नातवाचा अभ्यास, पाणी आलं का, गोळी घेतली का. "काय करायलात?" या प्रश्नाला मामा एकच उत्तर देतात, "ड्युटीवर हाय." ते खोटं आहे असं मला वाटत नाही.

एका दुपारी पहिल्या भागातली गाडी शेवटी टोकाला पोहोचली. वरच्या मजल्यावरची पोरं टाळ्या वाजवायला लागली. हेलिकॉप्टर दिसलं, सुटका झाली, आणि मामा भडकले. "अन् गाडी? गाडी रस्त्यात सोडून ह्यो वर जाऊन बसला? लॉगशीट कोण भरणार? चावी कुणाकडं दिली?" पोरांनी समजावलं की गेम संपला, जिंकलात. मामांना ते जिंकणं मान्य होईना. डेपोत गाडी लावल्याशिवाय ड्युटी सुटत नाही.

मे महिन्यात परीक्षा झाली. नातू केंद्रावरून आला, आंघोळ केली, आणि हक्काने फोन मागितला. मामांनी आधी त्याला समोर बसवलं. वहीचं एक पान फाडून त्यावर रेघा मारल्या, तारीख टाकली आणि गाडीचा चार्ज दिला: टायर चांगले. इंजिन ठीक. गिअर दुसऱ्या चढाला आवाज करतो, लक्ष ठेवणे. डिझेल अर्धी टाकी. बंदूक घेतलेली नाही, गरज पडली नाही. पत्रा कुठेही निखळलेला नाही.

नातवाने फोनला हात घातला तसा मामांनी तो मागे ओढला.

"आधी सही कर."