कवीची बिदागी आधी ठरवा

फेब्रुवारी उजाडला की मंचावर कविता सादर करणाऱ्यांचे फोन वाजू लागतात. 27 तारखेला मराठी भाषा गौरव दिन, त्यामुळे शाळा, कॉलेज, बँक, सोसायटी अशा सगळ्यांना एकाच दिवशी कवी हवा असतो. तारीख ठरते, वेळ ठरते, सत्कार कोणाच्या हस्ते तेही ठरतं. पैशांचा विषय काढला की पलीकडचा आवाज पडतो. ‘सर, आपल्या मराठीसाठीच तर आहे सगळं!’

मराठीसाठी असेल, तर तो भार एकट्या कवीनेच का उचलायचा? मंडपवाल्याला ॲडव्हान्स जातो. साउंडवाला सामान आवरायच्या आत रोख घेतो. केटररचं बिल ताटं मोजून चुकतं होतं. तसंच व्हायला हवं, ती त्यांच्या कष्टाची कमाई आहे. पण ज्याला ऐकायला लोक खुर्च्यांवर बसले, त्याच्या हातात शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह पडतं. त्यावर घरभाडं भागत नाही.

‘दोनच कविता तर म्हणायच्यात’ हे वाक्य आता बंद व्हावं. पुस्तकातली ओळ कळली नाही, तर वाचक मागे जाऊन पुन्हा वाचतो. मंचावर ती सोय नसते. ओळ पहिल्या फटक्यात पोचावी लागते, म्हणून ती श्वासाच्या मापाने कापायची, नको तिथला जोडशब्द काढायचा, कुठे थांबायचं ते मोठ्याने म्हणून म्हणून पक्कं करायचं. माइकवर ‘फ’ आणि ‘भ’ फुटतात, तेव्हा त्या अक्षरांना तोंड किंचित बाजूला न्यायचं. पाठांतर असं हवं की वीज गेली, पोर रडलं, तरी ओळ सुटता कामा नये. मध्येच आमदार येतात, त्यांचा सत्कार होतो, भाषणही होतं. तोवर सभागृह थंड पडलेलं असतं. ते पुन्हा तापवायचं काम कवीचंच. एवढं सगळं दहा मिनिटांत दिसतं, पण त्यामागे महिने गेलेले असतात.

शहरांतल्या ओपन माइकची तऱ्हा आणखी वेगळी. कॅफेला कॉफीचे पैसे मिळतात, आयोजकाला तिकिटांचे. अनेक ठिकाणी पाच मिनिटांसाठी नाव नोंदवायची फी मात्र नवशिका कवी स्वतःच्या खिशातून भरतो. ही उलटी गंगा थांबायला हवी.

वारसा मिरवण्यात आपण कमी नाही. 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं आणि कामगारांच्या वस्त्यांमध्ये शब्दाने माणसं जागी केली. विंदा, पाडगावकर आणि बापट या तिघांनी गावोगाव काव्यवाचन करून नवी कविता ऐकायची सवय महाराष्ट्राला लावली. अण्णाभाऊ 1969 मध्ये हलाखीत गेले. आज 1 ऑगस्टला त्यांच्या जयंतीचे मंडप चौकाचौकांत लागतात. जिवंत कवीला उपाशी ठेवायचं आणि मेल्यावर हार घालायचे, याला मी आदर म्हणणार नाही.

आता मोबाइलचं. कार्यक्रम संपायच्या आत कविता कोणाच्या तरी चॅनेलवर चढलेली असते, पुष्कळदा कवीचं नाव गाळून. कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचा हक्क आला. त्याच्या व्याख्येत नट, गायक, जादूगार यांच्याबरोबर गारुड्याचाही उल्लेख आहे. कवीचा नावाने उल्लेख नाही, पण सादरीकरण करणारी इतर कोणतीही व्यक्ती त्यात येते, म्हणजे कवीही आलाच. हा हक्क 50 वर्षं टिकतो. 2012 च्या दुरुस्तीने सादरकर्ता म्हणून नाव लागण्याचा हक्कही दिला. तेव्हा चॅनेलवर टाकायचं असेल, तर आधी विचारा आणि नाव लिहा.

कवींनाही सांगणं आहे. वाडीवरच्या शाळेत किंवा संपावर बसलेल्या कामगारांकडे फुकट जा, आनंदाने जा, पदरचं भाडं भरून जा. पण जिथे स्टेजच्या फुलांवर हजारो उधळले जातात, तिथे फुकट उभे राहू नका. तुम्ही फुकट गेलात की मागून येणाऱ्या पोराचा भाव पडतो, आणि त्या पोराला कदाचित कवितेवरच घर चालवायचं असतं.

आयोजकांनो, पहिल्याच फोनवर आकडा सांगा. कमी असला तरी चालेल, पण स्पष्ट सांगा. जायचं की नाही ते कवी ठरवेल. प्रवासखर्च वेगळा धरा आणि पाकीट कार्यक्रमाच्या आधी द्या. फुलांच्या बजेटमधून एक कमान कमी केलीत, तरी एका कवीची बिदागी निघते.