मेकॅनिकल, पण आयटीत

माणमध्ये (साताऱ्यातलं नव्हे, मुळशीतलं, हिंजवडी फेज ३ वालं) प्रत्येक सोसायटीत हा गृहस्थ सापडतोच. शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर, पोटापाण्याने सॉफ्टवेअरवाला. कॉलेजात आयटी कंपनी आली, तिने शाखाबिखा न बघता उचलला. तेव्हापासून त्याचा यंत्राशी संबंध उरला तो ऑफिसातल्या कॉफीच्या. पण गाडीचा क्लच गेला, की आतली पदवी उसळी मारते.

आणि क्लच जातोच. फेज ३ पासून वाकडच्या पुलापर्यंत, मेट्रोच्या खांबांच्या सोबतीने, हाफ क्लचवर रोज मुंगीच्या पावलांनी सरकायचं म्हटल्यावर त्या प्लेटने तरी किती सोसावं? मग एके दिवशी चढावर इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी जागची हलत नाही आणि जळका वास थेट केबिनमध्ये येतो.

गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, पूर्ण सेटच टाका," आणि मजुरी सांगतो. इथे दुखतो तो खिसा नव्हे, स्वाभिमान. "क्लचचा टॉर्क मी पेपरात काढून दाखवलाय!" खरंच दाखवलेला असतो. नव्या क्लचवर दाब सगळीकडे सारखा धरायचा, जुन्याची झीज सगळीकडे सारखी धरायची. हे गृहीतक मांडणारा विद्वान हिंजवडीच्या चौकातून कधी गेला नसावा.

शनिवारी पार्किंगमध्ये गाडी घोड्यांवर चढते. सुटे भाग नाना पेठेतून आणलेले, टॉर्क रेंच ऑनलाइन मागवलेला. बॅटरी काढली, गिअर ऑइल उतरवलं, दोन्ही एक्सल ओढले, इंजिनाखाली जॅक लावून गिअरबॉक्स खाली घेतला. इथवर खरोखर वाखाणण्याजोगं काम. टॉर्च धरायला नेमलेला वॉचमनही गेटचं काम विसरतो.

क्लच उतरल्यावर फ्लायव्हील दिसतं: तोंडावर निळे चट्टे, केसासारख्या बारीक चिरा. आता त्या मंत्राचा उच्चार होतो, ज्याने महाराष्ट्रातले कित्येक रविवार खाल्ले आहेत: "आता खोललंच आहे तर..." मग फ्लायव्हीलही नवं. त्याच्यामागचं ऑइल सीलही. गिअरबॉक्सचं माउंटिंगही. मजुरी वाचवायला निघालेला माणूस दुपारी पुन्हा नाना पेठेत. अर्थात शेजाऱ्याच्या स्कूटरवर. बायको गॅलरीतून एवढंच विचारते, "सोमवारी कॅब बुक करून ठेवू ना रे?"

रविवारी रात्री गिअरबॉक्स वर जाईना. तीसेक किलोचं ते धूड जॅकवर डुगडुगतंय, शाफ्ट प्लेटच्या भोकाशी येऊन अडतोय. सेक्रेटरी फरशीवरच्या तेलाबद्दल दोनदा बोलून गेलेत. शेवटी वॉचमनच गावातल्या मेस्त्रीला फोन लावतो. मेस्त्री जेवूनखाऊन चपला घालून येतो, वाकून बघतो.

"प्लेट सेंटरला नाय, साहेब."

"अलाइनमेंट टूल लावला होता!"

"प्लॅस्टिकचा ना?"

मेस्त्री प्रेशर प्लेटचे बोल्ट ढिले करतो, पिशवीतला जुना इनपुट शाफ्ट आत घालून प्लेट मधोमध आणतो, बोल्ट समोरासमोरचे घेत थोडेथोडे आवळतो. शाफ्ट बाहेर ओढताना तो कुठे घासत नाही ना, एवढंच हाताला विचारतो. मग दोघं मिळून गिअरबॉक्स उचलतात, जरा हलवतात, आणि तो मुकाट आत जातो. मेस्त्री मजुरी पूर्ण घेतो. वर टॉर्च धरल्याबद्दल वॉचमनलाही काहीतरी द्यायला लावतो.

सोमवारी ऑफिसात हकीकत सांगितली जाते, "घरीच बदलला, फ्लायव्हीलसकट." मेस्त्री हकीकतीत नसतो. पण खरं सांगायचं तर अन्यायही फारसा नाही: त्या गाडीतले सगळे बोल्ट, क्लचचे सोडून, या इंजिनिअरनेच आवळलेले असतात आणि गाडी उत्तम चालते. तुमच्या पार्किंगमध्ये असा कोणी आडवा पडलेला दिसला तर "झालं का?" विचारू नका. टॉर्च धरा. आणि मेस्त्रीचा नंबर आधीच घेऊन ठेवा.