पन्नास टक्के, पण कोणाची मुलं?

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने जाहीर केलं होतं की, २०२५पर्यंत शाळा-कॉलेजांतल्या निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव मिळेल. १९८६च्या धोरणाचा शब्दही असाच होता: अकरावी-बारावीची १० टक्के मुलं १९९०पर्यंत आणि २५ टक्के १९९५पर्यंत व्यवसाय अभ्यासक्रमांकडे वळतील. ती वळली नाहीत. १९९२ साली मुदत २०००वर ढकलली. टक्का दुप्पट करायला कागद पुरतो. वर्कशॉपला जागा, यंत्रं आणि टिकून राहणारा शिक्षक लागतो.

हा शिक्षक बहुतेक ठिकाणी एजन्सीमार्फत, कंत्राटावर येतो. पुढच्या वर्षी आपण याच शाळेत असू का, हे त्यालाच ठाऊक नसतं. तो नववीतल्या पोराला कसल्या भवितव्याची खात्री देणार?

आणि नववीत रिटेल, ऑटोमोबाइल, ब्युटी-वेलनेस घेणारं हे पोर कोणाचं? गणित झेपत नाही, घरी क्लासची फी परवडत नाही, त्याचं. डॉक्टर-वकिलांची मुलं त्या बाकांवर शोधावी लागतात. मार्क कमी पडले की हा विषय पदरात घालायचा आणि मग प्रतिष्ठा नाही म्हणून गळा काढायचा, हा ढोंगीपणा आपण पिढ्यान् पिढ्या चालवलाय.

याहून वेगळं करता येतं, तेही याच महाराष्ट्रात. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून शिरूर तालुक्यातल्या पाबळला गेले आणि १९८३ साली विज्ञान आश्रम उभा केला. तिथून शाळांत गेलेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. माती तपासतात, वायरिंग करतात, रक्तातलं हिमोग्लोबिन मोजतात. मुलीही वेल्डिंग करतात. गावातला कारागीरच निदेशक होतो आणि मुलं गावकऱ्यांची खरी कामं पैसे घेऊन करून देतात. माप चुकलं तर फाटक बसत नाही. त्या दिवशी भूमिती कशासाठी असते ते कळतं. हुशार मुलाला याची गरज नाही, असं कोण म्हणेल?

म्हणून हा विषय ऐच्छिक ठेवूच नका. आठवी ते दहावी, प्रत्येक बोर्डात, प्रत्येक मुलाला सक्तीचा करा, निदेशकाला कायम नेमणूक द्या आणि सुरुवात मुंबई-पुण्यातल्या लाखांनी फी घेणाऱ्या शाळांपासून करा. रोबोटिक्स लॅबला जिथे जागा निघाली, तिथे वेल्डिंगच्या टेबलालाही निघेल.